मिनी अल्बमचं वर्कशॉप केलं: बाइंडिंग शिकायला नक्की जा, किटमधल्या आयफेल टॉवरसाठी जाऊ नका

मागच्या महिन्यात पुण्यात कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत मिनी अल्बम (हाताने बांधायचा छोटा फोटो अल्बम) आणि हँडमेड एम्बेलिशमेंटचं, म्हणजे त्यावर लावायच्या सजावटीचं, एक दिवसाचं वर्कशॉप केलं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या ताई एकट्या घरातूनच हे चालवतात, उगाच कशाला कुणाच्या पोटावर पाय. फी १६०० रुपये, किट त्यातच. वेळ सकाळी १० ते ५ सांगितलेली, आम्ही सुटलो साडेसहाला. चहा दोनदा, दुपारी बटाटेवडा आणि पाव. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच विचार करा.

मी गेले कारण आमच्या आत्याची पंच्याहत्तरी होती. भाऊ म्हणाला ऑनलाइन फोटोबुक छापून घेऊ, चार दिवसात घरी येतं. येतं की, पण आत्याला दोन वर्षांपूर्वी एक तसं दिलं होतं कुणीतरी, ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात आहे. तिला हातात घेऊन उलगडायला, खिशातून काहीतरी बाहेर काढायला मिळालं तर ती बघेल असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मी दीड वर्ष फोनवर तेच ते व्हिडिओ बघत होते, कागद चरचर कापतात, फटाफट दुमडतात, आणि मी घरी केलं की नऊवारीच्या निऱ्या पडल्यासारखं काहीतरी व्हायचं.

आम्ही आठ जण. सात बायका आणि एक रिटायर्ड काका, बँकेत होते म्हणे, ट्रेकिंग ग्रुपचा अल्बम करायचा म्हणून आलेले, स्वतःची स्टीलची पट्टी आणि गुण्या घेऊन. काकांनी पाचव्या मिनिटाला विचारलं, "ताई, हे सगळं अमेरिकन फॅड ना?" ताई म्हणाल्या, "काका, शाळेत चिकटवही केली होतीत ना, तीच ही." आणि मग सांगितलं की मार्क ट्वेन, तोच तो लेखक, त्याने १८७३ साली चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, पानांवर आधीच गोंदाचे पट्टे असायचे, ओले करायचे आणि कात्रण लावायचं. काका म्हणाले, "म्हणजे पोस्टाचं तिकीट." झालं, काका तिथून पुढे दिवसभर खूश. मला आमची चौथीतली चिकटवही आठवली, पक्षी आणि वाहने, घरातला गोंद संपला म्हणून भाताच्या शितांनी चिकटवलेली, आठवड्याने पक्ष्यांवर मुंग्या.

आता मुख्य गोष्ट, बाइंडिंग. यासाठी मी १६०० काय २००० पण दिले असते. घरी केलेल्या अल्बमची सगळ्यात मोठी भानगड म्हणजे तो बंद होत नाही. पानं कोरी असतात तेव्हा छान मिटतो, पण फोटो, फुलं, बटणं लावली की पुढची बाजू आ करून बसते, मागची चपटी. मी याआधी एक केला होता तो अक्षरशः सुसरीच्या जबड्यासारखा दिसतो, त्यावर मुलीचा कंपास ठेवून ठेवून बंद करायला बघितला पण नाही. ताईंनी तो हातात घेतला, कण्याची (दोन पुठ्ठ्यांच्या मधली पाठीकडची पट्टी) रुंदी मोजली आणि म्हणाल्या, "सहा पानांना तुम्ही अडीच सेंटिमीटर कणा दिलाय. एकेका पानावर दोन्ही बाजूंनी सामान आहे, एक पान भरलं की जवळजवळ सेंटिमीटर होतं. बाकीचं साडेतीन कुठे जाणार?" इतकं साधं गणित, आणि ते एकाही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं (किंवा सांगितलं असेल, मी तेव्हा स्किप करत असेन).

त्यांची पद्धत अशी. जाड कार्डस्टॉकची, २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं, म्हणजे ढोबळमानाने जाडीचं माप) आसपासची, लांब पट्टी घ्यायची आणि तिच्या पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालायच्या, डोंगर दरी डोंगर दरी. प्रत्येक डोंगराला एक पान चिकटतं आणि दोन डोंगरांच्या मधे जी सपाट दरी असते ती आपण जेवढी ठेवू तेवढी जागा पानावरच्या सामानाला मिळते. चपटे फोटो असतील तर अर्धा सेंटिमीटर पुरे, फुलं असतील तर एक. ही पट्टी मग कव्हरच्या कण्याला आतून चिकटवायची. कव्हर २ मिलिमीटरच्या ग्रे बोर्डाचं, बाहेरून कापड. पुढचा पुठ्ठा, कणा, मागचा पुठ्ठा हे तीन तुकडे एकमेकांना टेकवायचे नाहीत, मधे तीनचार मिलिमीटरची फट सोडायची, नाहीतर कव्हर दुमडतच नाही. मी टेकवले होते अर्थात.

घडी घालायच्या आधी रेघ दाबून घ्यायची, त्याला स्कोअरिंग म्हणतात, त्यासाठीचा बोर्ड ऑनलाइन बराच महाग मिळतो. ताई म्हणाल्या रिफिल संपलेलं बॉलपेन आणि पट्टी घ्या, काही फरक पडत नाही. हे मला फार आवडलं, कारण त्या स्वतः तो बोर्ड विकतात पण आणि तरी सांगितलं. कागदाला पण कापडासारखा आडवा उभा धागा असतो हे पण पहिल्यांदाच कळलं. कागद हलकेच वाकवून बघायचा, ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेने घडी घातली की कड स्वच्छ येते, विरुद्ध घातली की कागद फुटतो आणि आतला पांढरा भाग दिसायला लागतो. काकांनी यावर एक तास काढला. प्रत्येक कागदावर पेन्सिलने बाण. आमचं जे दीड तास जास्त लांबलं त्यातला निम्मा या बाणांचा, पण काकांचाच अल्बम सगळ्यात सरळ झाला हे पण खरं.

आता किट. किटवर मी नाराज आहे आणि ते मी ताईंना तिथेच सांगितलं.

एक म्हणजे आम्हाला आधी व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता की ४ बाय ६ चे दहा फोटो प्रिंट करून आणा. आणले. किटमधली पानं ६ बाय ६ ची नाही, पावणेसहा बाय पावणेसहा, कारण कव्हरच्या आत बसायला पाव इंच कमी करावी लागतात. म्हणजे फोटो पानाच्या बाहेर! आठही जणांचे! मग सगळ्यांनी फोटो कापले, कुणाचे पाय गेले, एका मॅडमच्या सासूबाईंचा अर्धा खांदा गेला. अहो हे दरवेळी होत असणार ना, तर मेसेजमध्ये साडेतीन बाय पाच लिहा ना. ताई "हो हो बदलते" म्हणाल्या. बघू.

दुसरं, गोंदाची ट्यूब. पातळ पाणीदार गोंद, पॅटर्न पेपरला (नक्षी छापलेल्या कागदाला) लावला की कागद आंब्याच्या पोळीसारखा सुरकुततो. मी शेवटी ताईंच्या डब्यातली डबल साइड टेप वापरली. कागदाला कागद असेल तर टेप, कापड किंवा बटण असेल तर घट्ट पांढरा गोंद, आणि गोंद बोटाने नाही तर जुन्या एटीएम कार्डने पसरवायचा, एवढं लक्षात ठेवलं की भागतं. आणि ताजं चिकटवलेलं पान बटर पेपरमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली. माझ्याकडे वजन म्हणून पोळपाट आणि त्यावर तांदळाचा डबा.

आणि तिसरं, ती एम्बेलिशमेंटची पुडी. प्लॅस्टिकचे मोती, गुलाबी रेझिनचे गुलाब, आणि स्टिकरचा एक कागद ज्यावर आयफेल टॉवर, सायकलची टोपली आणि लंडनची लाल बस. आमची आत्या आयुष्यात लांबात लांब इंदूरला गेलीये. तिच्या अल्बममध्ये आयफेल टॉवर कुठे लावू मी? काकांना पण तेच आलं होतं, ते म्हणाले, "राजगडाच्या पानावर लावतो, बालेकिल्ल्याच्या शेजारी." सुट्टं किट हवं असेल तर त्या ८५० ला देतात, माझं मत विचाराल तर घेऊ नका. त्यातला पॅटर्न पेपर चांगला आहे, जाड आहे, ॲसिड फ्री आहे, पण तेवढ्यासाठी बाकीचा पसारा नको.

ॲसिड फ्री वरून आठवलं, हे काय प्रकरण आहे ते ताईंनी फार छान समजावलं. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ना, ते लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक राहतो त्यामुळे, त्यातून हळूहळू ॲसिड तयार होतं, आणि असा कागद फोटोला लागून वर्षानुवर्षं राहिला की फोटोलाही घेऊन बुडतो. आपल्या सगळ्यांच्या घरी ते जुने अल्बम आहेत, चिकट पानं आणि वरून प्लॅस्टिक उचलायचं, ते तर सगळ्यात वाईट. आता त्या पानांवर पिवळे पट्टे दिसतात आणि फोटो ओढला की फाटतो. तो काढायची युक्ती म्हणजे दात साफ करायचा दोरा, फ्लॉस हो, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवत न्यायचा. मी घरी येऊन आईबाबांच्या लग्नाचे सात फोटो असे सोडवले. आठवा फाटला, फाटला त्यात माझी घाई होती.

दुपारनंतर हाताने फुलं वगैरे करायला शिकवली आणि इथे वर्कशॉपचा सूर परत लागला. कागदाचं गुलाबफूल सगळ्यात सोपं, तीन इंचाचा गोल, त्याची चकलीसारखी सलग पट्टी कापायची आणि बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आत यायचं. आतून गुंडाळलं की बिघडतं. शेवटी मधे जो गोल तुकडा उरतो तोच फुलाचा तळ, त्यावर गोंद. कड जरा वेडीवाकडी कापली तर फूल जास्त खरं वाटतं, हे माझ्यासारखीला बरंच आहे.

पण मला जे सुचलं ते तिथे नाही, दुसऱ्या दिवशी घरी सुचलं, त्या टॉवरकडे बघून चिडचिड झाल्यावर. आत्याकडे जाऊन मी सरळ पिशवीभर कचरा मागितला. ती म्हणाली, "कसला कचरा गं, सगळं कामाचं आहे." म्हणजे हवं तेच. जुन्या लग्नपत्रिका निघाल्या गठ्ठाभर. पत्रिकेचा कागद बघा तुम्ही कधी, काय जाड असतो, वर सोनेरी गणपती उठावाचा, तो कापून खाली फोम टेपचा तुकडा लावला की विकतच्या थ्रीडी स्टिकरच्या तोंडात मारेल असा दिसतो. पाकिटं तर सोनंच. पाकीट बंद करून चिकटवायचं, मधोमध आडवं कापायचं, दोन खिसे तयार. चार पाकिटांचे आठ खिसे झाले, त्यात आठ टॅग, प्रत्येक टॅगला वर भोक आणि नाडी म्हणून फॉलचा उरलेला दोरा. टॅगवर मजकूर मी लिहिला.

खणाच्या दोन चोळ्या होत्या, विरलेल्या. खण कापला की धागे सुटतात, त्यामुळे आधी पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं करून ब्रशने मागून लावायचं, वाळू द्यायचं, मग तो पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि कसाही कापा, पंचिंग मशिनने फुलं पण निघतात. हे ताईंचंच ज्ञान, त्यांनी सुती कापडावर दाखवलं होतं, मी खणावर केलं. कव्हरला पण खणच लावला. आत्याच्या एका साडीचा जरीचा काठ कण्यावर, तो मात्र लावताना दोनदा तिरका गेला आणि तिसऱ्यांदा मी तसाच ठेवला.

चहाच्या चोथ्यात उकळून कागद जुनाट करायची आयडिया पण मस्त आहे, घरभर वास, पण चहात आम्ल असतं म्हणून तो कागद मूळ फोटोला टेकू द्यायचा नाही, फक्त सजावटीला. भेंडीचे ठसे मी मुलीकडून काढून घेतले, शाळेत करतो तसेच, भेंडीचा देठाकडचा भाग, शाईच्या पॅडवर दाबून. लेडीज फिंगर फ्लॉवर स्टॅम्प म्हणून कुणी विकेल एक दिवस, लिहून ठेवा. आणि आत्याच्या जुन्या पुस्तकात जाळीचं पिंपळपान सापडलं! हातात घेतलं तर चुरा होईल इतकं नाजूक, म्हणून ट्रेसिंग पेपरच्या दोन तुकड्यांच्या मधे ठेवून चारही कडा शिवून घेतल्या, गोंद नाहीच लावला. ताईंना फोटो पाठवला तर म्हणाल्या पुढच्या बॅचला हे दाखवते. दाखवा, पण स्टिकरचा कागद बंद करा असं मी लिहिलं, त्यावर हसरा चेहरा आला फक्त.

बसची तिकिटं लावणार असाल तर एक लक्षात घ्या, हल्लीची मशिनमधून येणारी तिकिटं आणि बिलं उष्णतेने छापतात, काही महिन्यांत कोरी होतात. त्यांची झेरॉक्स काढून ती लावा.

उरलेल्या सामानासाठी एक चक्कर पेठेत झाली. गाडी नेऊ नका, कृपा करा स्वतःवर. मी नळ स्टॉपवरून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून मंडई, बाहेर पडलं की चालत सगळं. बोहरी आळीत लेस, मणी, नाड्या, फोम टेप, असलं सगळं इतकं स्वस्त की ऑनलाइन घेतलेल्याचा पश्चात्ताप होतो, फक्त बऱ्याच ठिकाणी पाकीटच घ्यावं लागतं, मला बारा घुंगरं हवी होती, आता घरात दीडशे घुंगरं आहेत. कार्डस्टॉक आणि ग्रे बोर्ड अप्पा बळवंत चौकात, दुकानदाराला जीएसएम सांगा, "जाड कागद द्या" म्हटलं तर तो जे देईल ते घ्यावं लागेल. आणि जमलं तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन या, १९४० पासून आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात, लाकूड नाहीच त्यामुळे तो लिग्निनचा प्रश्नही नाही. त्याच्या कडा नैसर्गिक दातेरी असतात, फोटोच्या खाली चौकटीसारखा लावला की वेगळी सजावट लागतच नाही. सगळं मिळून माझे ७०० रुपये गेले, त्यात दोन अल्बमचं सामान झालं (आणि ती घुंगरं).

फोटोंबद्दल एकच. मूळ जुने फोटो चिकटवू नका, स्कॅन करून प्रिंट लावा. मी लॅबमधूनच मॅट प्रिंट काढले, घरच्या इंकजेटवर काढलेल्याला जरा ओला गोंद लागला की शाई पसरते. आत्याचा आणि बाबांचा एक लहानपणचा स्टुडिओतला फोटो होता, ती दोन वेण्या घालून उभी, बाबा खुर्चीवर रडवेले, आणि खालच्या अर्ध्या भागावर मातकट डाग, नकाशासारखा. लॅबवाला म्हणाला, "मॅडम, डाग काढून टाकतो, पन्नास रुपये." मी म्हटलं राहू दे, तसाच छान वाटतोय. बाबांना विचारलं कधीचा, ते म्हणाले बासष्टचा असेल. टॅगवर माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं, "नारायण पेठ, १९६२", आणि खाली खणाचं फूल.

तर जाणाऱ्यांसाठी, स्वतःची कात्री न्या, तिथे तीनच आहेत. फोटो साडेतीन बाय पाचचे न्या, मेसेज काहीही म्हणो. एक डबा रिकामा न्या घरी आणायला, माझा ओला अल्बम रिक्षात घसरला. किट न घेता फक्त शिकवण्याचे पैसे घेता का असं विचारून बघा, मी विचारलं तेव्हा नाही म्हणाल्या पण दोन दिवसांनी एका मैत्रिणीला हो म्हणाल्या, ११०० मध्ये. शंका विचारल्या तर आठवडाभराने सुद्धा उत्तर देतात, मला कण्याचा व्हिडिओ करून पाठवला रात्री साडेदहाला.

वाढदिवसाला आत्याने अल्बम घेतला, आधी खणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझी चोळी कापलीस?" मग एकेक टॅग बाहेर काढून वाचायला लागली, चष्मा कपाळावरून नाकावर. बाकी सगळे केककडे, ही अल्बममध्ये. त्या फोटोपाशी थांबली. "बासष्ट कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"त्याला काय कळतंय, तो तेव्हा अंगठा चोखत होता. हा डाग बघ. पानशेतच्या पुराचा आहे हा. १२ जुलै एकसष्ट. भिंतीवरून पडून चिखलात सापडला होता, आईने पदराने पुसला. मग फोटो पुराच्या आधीचा नको का?"

ताईंनी मागचं एक पान मुद्दाम कोरं ठेवायला सांगितलं होतं, घरच्यांनी काहीतरी लिहावं म्हणून, शेजारी मी छानसं जेल पेन पण अडकवलं होतं. आत्याने पर्समधून आपलं निळं बॉलपेन काढलं, माझा १९६२ दोन रेघा मारून खोडला, वर १९६० लिहिलं, खाली सही केली, आणि टॅग परत पाकिटात सरकवून पान उलटलं.